आबांची पाठ आणि दोन हरभरे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि माझे वडील आदरणीय हौसराव आबा (स्टेजवरून आदरणीय म्हणणं सोपं आहे, घरी नुसतं ‘आबा’ म्हणतानाही मान खाली जाते), ज्यांच्यासाठी आपण कामधंदा टाकून जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर मुमताज अत्तार, म्हणजे आपल्या बाई, त्यांचे यजमान, मेडिकलवाले अक्रमभाई, गावच्या सरपंच सगुणाबाई, सूत्रसंचालन करणारे भिमाजी गुरुजी, समोर बसलेल्या माता-भगिनी, खांबाला टेकून उभी असलेली तरुण मंडळी, आणि ज्यांच्या नाकांमुळे मला आज बोलायला मिळतंय ते पुढच्या सतरंजीवरचे बालगोपाळ, सगळ्यांना या पोपटरावाचा मनापासून नमस्कार.

गुरुजींनी मला दोनच मिनिटं दिली आहेत. मी सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर आहे, मला वेळेची किंमत कळते. पण गुरुजी, तुमचं प्रास्ताविक चालू असताना पाहुण्यांचा चहा येऊन, निवून, साय धरून परत गेला. तेव्हा मलाही थोडं इकडंतिकडं चालेल असं धरून चालतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंबद्दल मोठ्या मोठ्या गोष्टी सांगितल्या. विंचू, साप, अडलेली बाळंतपणं, भर पावसात ट्रॅक्टरवर बसून मळ्यात जाणं. ते सगळं खरं आहे. मी बोलणार आहे नाकाबद्दल. हसू नका. या मंडपातल्या किती जणांच्या नाकात बाईंनी बॅटरी मारून बघितली आहे? बघा, हात वर करायला लाजतायत. अरे, आता मिशा फुटल्या तुम्हाला, आता कसली लाज?

आपल्या मांडवगणातली पोरं नाकात काय घालत नाहीत? पाटीवरची पेन्सिल, माळेतला मणी, चिंचोका, शेंगदाणा, गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा गोळा. एकदा तर आमच्याच कंपनीतला लोखंडी छर्रा एका पोराच्या नाकातून निघाला. तो बाईंनी मला दाखवला आणि म्हणाल्या, “पोपटराव, तुमचा माल आमच्या गावापर्यंत पोचला.” गिताबाईंच्या नातवाची एकच नाकपुडी गळायची, तीही घाण वास मारत. घरच्यांनी सर्दी म्हणून काढा पाजला, दृष्ट म्हणून मिरच्या जाळल्या. बाईंनी बघितलं तर आत उशीतला स्पंजचा तुकडा! तेव्हापासून बाई प्रत्येक आईला सांगत आल्या, दोन्हीकडून वाहिलं तर सर्दी, एकाच बाजूनं वास मारत वाहिलं तर माझ्याकडं घेऊन या.

आणि त्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. दुसरीकडं पोराला चादरीत गुंडाळायचे, दोघांनी पाय धरायचे, तिसऱ्यानं डोकं, आणि मग चिमटा. पोर असं किंचाळायचं की बाहेर बसलेले पेशंट बरे होऊन घरी जायचे. बाई आधी विचारायच्या, “आई कुठंय?” आईनं पोराला मांडीवर घ्यायचं. मोकळी नाकपुडी बोटानं दाबायची. पोराच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं, आधी हळू श्वास सोडायचा, आत अडल्यासारखं वाटलं की एकच जोरदार फुंकर. आतला ऐवज नाकातून बाहेर. पोराला मात्र यातलं काही सांगायचं नाही. त्याला सांगायचं, आई तुला मोठ्ठा मुका देणार आहे. रडलं तर रडू दे, बाई म्हणायच्या, रडताना तोंड उघडं असतं, आपलं काम सोपं होतं.

(माता-भगिनींनो, बाई गाव सोडून चालल्या म्हणून घरच्या घरी प्रयोग सुरू करू नका. आणि घड्याळाचा सेल नाकात गेला असेल तर मुका नाही न् फुंकर नाही, तडक शिरूर नाहीतर पुणे. बाईंना मी एकदाच ओरडताना ऐकलंय, ते अशाच एका सेलवरून, ‘उद्या सकाळी नेतो’ म्हणणाऱ्या बापावर.)

आता माझी गोष्ट. पाच-सहा वर्षं झाली असतील, शहाण्णव साल असेल. पोलिओचे डोस नवीनच सुरू झाले होते. मी शिक्रापूरला खोली घेऊन राहायचो. रात्रभर खिडकीखालून ट्रक जायचे, झोप कसली लागते? आठवड्यातून एकदा, गुरुवारच्या सुट्टीला, गावाकडं यायचो. नीलम, म्हणजे आमची मंडळी, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी दौंडला गेली होती. थोरला विश्वजीत इथंच आबा आणि आईजवळ होता. तीन वर्षांचा होत आला होता.

तरुण पोरांना सांगतो, कारण तुम्ही आता पोराला गाडीच्या टाकीवर बसवून गावभर मिरवता. आमच्या वेळी तसं नव्हतं. वडीलधाऱ्यांच्या समोर आपल्या पोराला बापानं उचलायचं नाही. जवळ घ्यायचं नाही, लाड तर नाहीच नाही. आजोबांनी घ्यावं, चुलत्यानं घ्यावं, शेजाऱ्यानं घ्यावं. बापानं घेतलं की निर्लज्ज झाला म्हणायचे. आबांनी मला त्यांच्या वडिलांसमोर कधी घेतलं नाही, मी विश्वजीतला आबांसमोर घेतलं नाही. त्यात कुणाची काही चूक नव्हती, तसंच असायचं. आबा घरात नसतील तेवढ्यात घ्यावं म्हटलं, तर आबांना दमा, ते घर सोडून जाणार कुठं?

म्हणजे बघा, आठवडाभर ज्याची आठवण काढायची, तो गुरुवारी समोर अंगणात खेळायचा आणि मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच्याकडं नुसता बघायचो. त्याला मी ओळखीचा वाटायचो की नाही कुणास ठाऊक. एकदा मला बघून तो आबांना म्हणाला, “आबा, पाव्हना आला.” घरातले सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगतो, त्या आठवड्यात मला डबा गोड लागला नाही.

तर असाच एक गुरुवार. हरभरा मळून अंगणात वाळत घातला होता. विश्वजीत त्यात बसून खेळत होता. मधेच तो रडायला लागला आणि नाकावर हात मारायला लागला. माझी आई, साखरबाई, धावत आली. तिला वाटलं, शिंक आली की दाणा उडून पडेल. तिनं कमरेची तपकिरीची डबी काढली आणि चिमूटभर तपकीर धरली नाकापुढं. झालं! शिंक यायच्या आधी पोरानं श्वास ओढला आणि दाणा आणखी वर गेला. आबा म्हणाले, “शिंकर रं, शिंकर जोरात.” तीन वर्षांच्या पोराला काय कळतंय? त्यानं जोरात वर ओढलं. आई, तू समोर बसली आहेस, पण हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही. आणि गावातल्या कुठल्या आजीकडं तेव्हा तपकिरीशिवाय दुसरं औषध होतं?

आबांनी त्याला खांद्यावर टाकला आणि निघाले बाईंच्या दवाखान्याकडं. मागं आई, आणि सगळ्यात मागं मी. पोर आबांच्या खांद्यावर, त्याच्या चपला माझ्या हातात. बापाचं काम तेवढंच होतं.

बाईंनी बॅटरी मारून बघितलं. तोंडावरचं हसू कमी झालं. म्हणाल्या, “हरभरा आहे. ओला होऊन फुगलाय. पोर इतकं हलतंय की चिमटा लावला तर मागं सरकेल. मागनं घशात आणि घशातून श्वासाच्या नळीत गेला, तर पुण्याला पोचेपर्यंत वेळ मिळेल का, मी सांगू शकत नाही. आई कुठंय?”

आबा म्हणाले, “माह्यारी गेलीया, दौंडला.”

“मी करते की,” म्हणत आमची आई पुढं झाली. बाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. “काकी, तुमच्या तोंडात मिश्री आहे. आणि पुढचे दात नाहीत, हवा सगळी बाजूनं जाईल.” आबा छातीवर हात ठेवून उभे होते, तिथवर चालत आल्यानंच त्यांना धाप लागली होती. फुंकर मारायला श्वास आधी स्वतःला पुरायला पाहिजे. बाई माझ्याकडं वळल्या.

“मग बापानं करायचं. या पोपटराव, बसा. याला मांडीवर घ्या आणि मोठ्ठा मुका द्या.”

आता तुम्हीच सांगा, आबा हातभर अंतरावर उभे, आणि बाई मोठ्यानं म्हणतायत मुका द्या! माझे कान तापले. तरी बसलो. पोर माझ्या मांडीवर यायलाच तयार नव्हतं, आबांकडं हात करून ओरडत होतं. कसंबसं धरलं, बाईंनी सांगितलं तशी नाकपुडी दाबली, तोंड खाली नेलं, आणि डोळे आपोआप वर गेले. आबा बघत होते. रागानं नव्हे, काळजीनं बघत होते. पण बघत होते. माझ्यातली हवाच गेली. मी अशी फुंकर मारली की तिनं दिवासुद्धा विझला नसता.

“चहा निववताय का?” बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेच. पोराचा चेहरा लाल झाला होता, रडता रडता श्वास अडकत होता. प्रत्येक हुंदक्याला मला वाटायचं, गेला आत. आपलं पोर आपल्या मांडीवर, आपल्या एका श्वासानं ते सुटणार, आणि तो श्वास बाहेर येत नाही! असली अवस्था वैऱ्यावर येऊ नये.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग आबांकडं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं. मंडळी, दुसरं कुणी असतं तर तिथं उभं राहून आम्हाला दोन शब्द सुनावले असते. काय ही जुनी खुळं, पोराचा जीव चाललाय आणि तुम्हाला लाज सुचते. बाई तसलं काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आबा, त्या भिंतीवर पोलिओचा नवीन कागद लावलाय. जरा मोठ्यानं वाचता का? अक्षरं लोकांना कळतात का, बघायचंय मला.”

आबा न कळायला काय लहान होते? सावकाश वळले, भिंतीकडं तोंड केलं आणि वाचायला लागले. “पाच... वर्षां... खालील... परत्येक... बालकाला...”

मी आबांची पाठ बघितली. पांढऱ्या बंडीची, घामानं भिजलेली, रुंद पाठ. आणि मग मी खाली वाकलो. आधी हळू सोडला श्वास, आत अडल्यासारखं वाटलं, आणि मग आठवड्याचं जेवढं साचलं होतं तेवढं सगळं एका फुंकरीत दिलं. स्टीलच्या ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला.

मी उठायला लागलो. बाई म्हणाल्या, “बसा. एक घालणारं पोर तिथं थांबत नसतं.” दुसऱ्या नाकपुडीत बॅटरी मारली. “हा बघा, याचा भाऊ.”

मी बसलो तिथंच गोठलो. भिंतीकडनं वाचणं थांबलं. आबांनी मान वळवली नाही. तसंच विचारलं, “काय झालं रं?”

“अजून एक हाय आबा.”

मग आबा म्हणाले, “दे की मग अजून एक. मी कुठं बघतुया?”

या वेळी पोरानं माझ्याकडं बघितलं. एक हात माझ्या शर्टाच्या कॉलरला धरला होता, आणि त्यानं स्वतःच तोंड उघडलं. दुसरा दाणा निघून बाईंच्या चष्म्याच्या काचेवर आपटला. बाईंनी चष्मा पुसला, कान तपासले, परत दोन्ही नाकपुड्या तपासल्या आणि म्हणाल्या, “झालं.” विश्वजीत मात्र माझ्या मांडीवरून उतरला नाही. डोकं माझ्या छातीला लावून हुंदके देत बसला. मीही त्याला खाली ठेवला नाही.

आणि आबा? आबांचा तो कागद कधीच वाचून संपला होता. त्यावर होत्या किती ओळी? ते पुन्हा वरपासून वाचायला लागले. “पाच... वर्षां... खालील...” बाईंनी त्यांना थांबवलं नाही. बाहेर पेशंट बसले होते, तरी हाक मारली नाही. चष्मा पुसत उभ्या राहिल्या. तो जो वेळ त्यांनी मला दिला, त्याची फी त्यांनी कधी लावली नाही, आणि लावली असती तर मला ती परवडली नसती.

पुढं ऐका. त्यानंतरच्या गुरुवारी मी घरी आलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते, विश्वजीत खाली खेळत होता. मी नेहमीसारखा ओट्याच्या टोकाला टेकलो. आबा उठले, बाज उचलून फिरवली, गोठ्याकडं तोंड केलं आणि पाठमोरे बसले. मला वाटलं, दवाखान्यातलं मनावर घेतलं, रागावले. मग ते म्हशीला म्हणाले, “मी कुठं बघतुया.”

मंडळी, मी पोराला उचललं. किती वेळ घेतलं माहीत नाही. मग आबा खोकले. दम्याचा खोकला आम्ही ओळखतो, हा तो नव्हता. सुना-लेकी घरात असल्या की मोठी माणसं उंबऱ्याशी खोकतात ना, सावध करायला, तसा. म्हणजे, आवरा, मी आता वळतोय. मी पोराला खाली ठेवलं, आबांनी बाज सरळ केली, आणि विचारलं, “कंपनी काय म्हन्ती?”

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. कधी बाज फिरायची, कधी पेपर उलटा धरून वाचणं व्हायचं, कधी भिंतीवरची पाल बघणं. पुढं नीलम दौंडहून धाकटीला घेऊन आली, आणि आबांची पाठ दोघांना पुरायला लागली. आमच्या घरात यावर आजपर्यंत एक शब्द कुणी बोललेलं नाही. आज पहिल्यांदा मी बोलतोय, तेही माईकवर. घरी गेल्यावर माझं काय व्हायचं ते होवो.

बाई, तुम्ही पोरांच्या नाकातले दाणे काढले, ते दुसरा डॉक्टरही काढेल. उद्या कुणी नवीन येईल, त्याच्याकडं चांगली मशीनही असेल. पण आमच्यातली लाज न दुखवता, आमच्या म्हाताऱ्याचा मान न घालवता, माझं पोर माझ्या मांडीवर दिलंत, ते मी कुणाकडं मागायला जाऊ? तुम्ही चालला आहात, कारण दौंडला तुमचे सासरे इमामचाचा एकटे आहेत आणि म्हातारपणी त्यांना माणूस पाहिजे. त्याला आम्ही नाही कसं म्हणणार? पण वाईट वाटतंय, फार वाटतंय, हे सांगून टाकतो. दौंड काही लांब नाही, नीलमचं माहेरच आहे. आम्ही येत राहू, नाकं घेऊन येऊ.

आता गुरुजी घड्याळ दाखवतायत. शेवटचं काम तेवढं राहिलंय. ग्रामस्थांच्या वतीनं बाईंना हार घालायचा मान आमच्या धाकटीला दिलाय. ती मघापासून हार धरून इथं माझ्या पायाशी उभी आहे, अर्धी फुलं तिनं तोडून खाली टाकलीत. तिचा हात बाईंच्या गळ्यापर्यंत पोचत नाही. तिला कुणीतरी उचलायला पाहिजे, आणि गुरुजींच्या कंबरेला पट्टा आहे.

तुम्ही का हसताय, ते मला कळलं. मलाही आवाज आला. अध्यक्षांनी खुर्ची फिरवली आहे. मागच्या बॅनरवरचं ‘हार्दिक निरोप’ वाचतायत.

आबा, त्या दिवशी तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून माझा श्वास बाहेर आला. ती पाठ मी जन्मभर विसरणार नाही. पण आज सगळं गाव बसलंय, बाई बसल्यात. आज वळा की इकडं. तुमच्या समोर एकदा माझ्या पोरीला उचलू द्या. तुम्ही बघितलंत तर मला आवडेल.

सर्वांनी माझं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलं, आभारी आहे. बाईंचे आभार मानायला मला जमणार नाही, तो नाद सोडला. बोलण्याच्या भरात आई-वडिलांचा, व्यासपीठाचा किंवा तुमच्यापैकी कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तर घरातलाच म्हणून पदरात घ्या.

चल गं, ये. हार नीट धर, आता उरलीसुरली फुलं तरी तोडू नकोस.

बाई, ऐकलंत का? आबा खोकले.